मुलीच्या जडणघडणीची कादंबरी (ग्रामीण विदर्भ)

बारा ते एकोणीस या वयातील मुलगी जिच्या केंद्रस्थानी आहे आणि तिची बदलत जाणारी समज व निर्णयशक्ती हाच जिचा विषय आहे, अशी कादंबरी किंवा दीर्घकथा. प्रेम, लग्न, नापिकी, बापाचे कर्ज हे सारे तिच्यात येऊ शकते; पण त्यातून नायिका काय शिकते आणि पुढच्या खेपेला वेगळे काय करते, यावर कथानक उभे असते. जिच्या आयुष्याचा प्रत्येक निर्णय पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत दुसरेच घेतात, अशा मुलीची गोष्ट कितीही चटका लावणारी असली तरी या प्रकारात मोडत नाही.

पूर्वपीठिका

या प्रकाराचा साचा युरोपात मुलग्यांसाठी घडला. गटे यांच्या १७९५–९६ मधील ‘विल्हेल्म माइस्टर’पासून तो ओळखला जातो: तरुण घर सोडतो, भटकतो, चुकतो, शिकतो आणि समाजात आपली जागा धरतो. मुलीला घर सोडून भटकण्याची मुभा नसल्याने हा साचा तिला जसाच्या तसा बसत नाही. १९८३ मध्ये एबल, हर्श आणि लँगलंड यांनी संपादित केलेल्या ‘द व्हॉयेज इन’ या समीक्षाग्रंथाने ही अडचण नेमकी मांडली. स्त्रीच्या बाबतीत प्रवास पुष्कळदा आतल्या आत होतो, आणि तो कधी कधी लग्नानंतर उशिरा सुरू होतो.

मराठीत तर या प्रकाराला वयाचा अवकाशच नव्हता. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली तेव्हा संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचे कायदेशीर वय, दहा होते, १८९१ च्या कायद्याने ते बारा केले. नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, हे त्या कादंबरीचे मोठे धाडस. पण तिचे मुलगीपण आणि बायकोपण एकमेकांत मिसळलेले आहे, मधे मोकळी वर्षे नाहीत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा ठरवले, १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ मध्ये अठरा. जडणघडणीच्या कादंबरीला लागणारी पाच-सहा वर्षे अशी कायद्याने हळूहळू मोकळी केली. गावात ती प्रत्यक्षात किती मोकळी झाली, हा वेगळा प्रश्न आणि कादंबरीचा खरा मालमसाला.

विदर्भापुरते बोलायचे तर उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी बोली आणि गरीब घरातील बाईचे कष्ट पूर्ण लांबीची कादंबरी पेलू शकतात हे दाखवून दिले. मात्र तिथे केंद्रस्थानी कौतिक ही आई आहे.

वाढ कशी दिसते

कपाशीच्या पट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या जिल्ह्यांत, मुलीच्या वाढीचे मोजमाप चार गोष्टींवर करता येते: तिचा पैसा, तिचा वेळ, तिची वाट आणि कागदावरचे तिचे नाव. या चारांपैकी एकीवरही तिचा ताबा बदलत नसेल, तर ‘ती आता पहिल्यासारखी राहिली नव्हती’ असे लेखकाने कितीदा लिहिले तरी ते वाचकाच्या गळी उतरत नाही.

पैशाचा प्रसंग वेचणीत आपोआप मिळतो. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बाया एकेका तासाला, म्हणजे ओळीला, लागतात. कमरेला ओटी बांधलेली असते. सकाळी दवाने कापूस ओला लागतो. दुपारी वाळलेली पत्ती चुरून कापसाला चिकटते, म्हणून हात जपून घालावा लागतो. सवयीची बाई दिवसाला साधारण तीस-चाळीस किलो वेचते, चौदा-पंधरा वर्षांची मुलगी वीसच्या आसपास. संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाठोडी काट्याला टांगतात आणि मालक किलो वहीत मांडतो. मजुरी किलोवर असते आणि बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी, तीही मायच्या हाती मिळते.

आता नायिका नववीत आहे असे समजा. काटा एकवीस किलो सहाशे ग्रॅम दाखवतो आणि वहीत एकवीस लिहिले जातात, हे तिच्या लक्षात येते. गाठोड्यामागे सरासरी अर्धा किलो सुटत असेल, तर पाच जणींचे सहा दिवसांत पंधरा किलो होतात. हिशेब ती मनातच करते. पण बोलली तर उद्यापासून मायला त्या शेतात काम नाही, हेही तिला कळते. या एका प्रसंगात शाळा आहे, घर आहे, गावातली सत्ता आहे आणि निवड आहे. कच्चा लेखक तिला तिथेच भाषण करायला लावतो. जाणता लेखक पहिल्या खेपेला तिला गप्प ठेवतो, दुसऱ्या खेपेला ती स्वतःची वही करते, आणि तिसऱ्या खेपेला बायाच ती वही मागतात. वाढ दिसते ती पहिल्या आणि तिसऱ्या खेपेतल्या फरकात.

वाटेचा प्रश्न एसटीचा असतो. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथी किंवा सातवीपर्यंत, हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात, अकरावी-बारावी तालुक्याला. म्हणून चौथी, सातवी, दहावी आणि बारावी या चारही ठिकाणी मुलगी शाळेतून गळू शकते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मागास तालुक्यांत राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही धावतात. तरी पावसाळ्यात नाल्याला पूर आला की गाडी फाट्यावरूनच परतते. फाट्यापासून गावापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर हीच घरच्यांची खरी धास्ती. पोराने एकदा सायकल आडवी घातली, एवढे निमित्त शाळा बंद व्हायला पुरते. ही गोष्ट मुलगी घरी सांगते की लपवते, आणि सांगितली तर कोणाला, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते. माय, मोठमाय, आजी आणि वर्गातली मैत्रीण या चौघींना सांगण्याचे परिणाम चार तऱ्हेचे होतात.

पंचांग आणि कथानक

मुलीच्या वेळेचा प्रश्न पिकाच्या पंचांगात दडलेला असतो, आणि ग्रामीण कादंबरीत सर्वांत जास्त चुका कालक्रमात होतात. मृगाच्या पावसावर जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्टमध्ये निंदण आणि डवरणी. दसरा ते दिवाळी सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी. पुढची वेचणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे सराव परीक्षा आणि वेचणीचा शेवट एकाच वेळी येतात. मुलगी अभ्यासात मागे पडते ती नेमकी इथे. कापूस विकला की घरात पैसा येतो, आणि तो आला की स्थळ पाहायला पाहुणे येतात. लग्ने एप्रिल-मेमध्ये. निकाल मेच्या मध्यापासून पुढे, पूर्वी जूनमध्ये. त्यामुळे हळद लागली तरी निकाल यायचाच आहे, असा ताण या प्रदेशात लेखकाला शोधावा लागत नाही.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. गाण्यांत सासर-माहेर भरून असते. खेळता खेळता सासरची उजळणी होते, हे कळण्याचे वय आणि ‘आता मोठी झाली, पुरे कर’ असे सांगितले जाण्याचे वय जवळजवळ एकच. सणाची सजावट म्हणून भुलाबाई घातली तर ते प्रकरण काढून टाकले तरी चालते.

ढोबळ चुका

बापाची आत्महत्या ही सर्वांत वापरून झिजलेली कळ. रात्रीत बाप जातो आणि सकाळी मुलगी प्रौढ होते. प्रत्यक्षात त्यानंतर कागद सुरू होतात: पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जाचा दाखला. जिल्हा समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. २००६ मध्ये ठरलेली मदत एक लाखाची: तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. कर्ज बिनपरवाना सावकाराचे असेल किंवा जमीन आजोबांच्याच नावावर राहिली असेल, तर प्रकरण अडते. घरात अर्ज वाचता येणारी बहुधा ही मुलगीच असते. तहसीलच्या फेऱ्यांत, कोणता कागद राहिला हे विचारण्यात, साहेब जेवायला गेले म्हणून व्हरांड्यात थांबण्यात ती जे शिकते, ते रडण्याच्या दहा पानांतून येत नाही.

दुसरी चूक तारणहाराची. कधी नवीन मॅडम येतात, कधी शहरातला मामा. अलीकडे १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर केलेला एक फोनही हेच काम करतो. फोनने लग्न थांबू शकते हे खरे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, शाळेच्या दाखल्यावरून वय ठरते, बालकल्याण समितीपुढे मुलीला नेतात आणि अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असे हमीपत्र पालकांकडून घेतात. पण कादंबरी तिथे संपवणे ही पळवाट. झालेला खर्च, मोडलेली बोलणी आणि भावकीतली नाचक्की घेऊन ती मुलगी त्याच घरात परतते, त्याच चुलीपुढे बसते. बाप तिच्याशी बोलत नाही. पुढचे वर्षभर काय होते, ते लिहिण्यासारखे असते.

बोलीची चूक दोन्ही बाजूंनी होते. वऱ्हाडी म्हणजे प्रत्येक वाक्याला ‘करून राह्यली’ आणि मधे मधे ‘बाप्पा’ अशी समजूत करून घेतली की पात्रे नाटकी होतात. उलट, नायिका शिकली की तिची बोली धुऊन काढायची, हेही खोटे. ‘मले जाचं हाय’ म्हणणारी मुलगी वर्गात ‘मला जायचं आहे’ म्हणते आणि घरी येताच पुन्हा ‘मले’. भांडताना कोणती भाषा तोंडी येते आणि अर्ज लिहिताना कोणती, हे लेखकाने पात्राच्या टिपणात आधीच मांडून ठेवावे. चुकून वर्गात ‘मले’ निघाल्यावर झालेले हसे एकदाच दाखवावे. दरवेळी दाखवले की दया मागितल्यासारखे होते.

पाळी येण्याच्या प्रसंगाला बहुतेक लेखक एक प्रकरण देतात आणि पुढे विसरतात. ती दर महिन्याला येते, शाळेत पाणी नसते, वेचणीच्या शेतात आडोसा नसतो. कथानकात ती तारखेसारखी परत यायला हवी.

जात न सांगता गाव रंगवणे ही मात्र चूक नव्हे, लबाडी आहे. नायिका कोणाच्या शेतात वेचते, कोणत्या नळावर भरते, मैत्रिणीच्या घरात कुठवर जाते, हे जातीशिवाय ठरत नाही. बौद्ध वस्तीतल्या मुलीकडे वेगळे भांडवलही असते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर शिक्षणाचा आग्रह त्या वस्तीत घरोघर पोचला. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या अनेकींचे ते पहिले नागपूर असते, आणि तिथे पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. शेजारच्या घरात सोयाबीन सोंगायला माणूस कमी पडत असताना ही मुलगी पिशवीत पुस्तके घेऊन परतते. त्याच वर्गातल्या पाटलाच्या मुलीला फाट्यापलीकडे एकटीने जाता येत नाही. दोघींच्या वाढीची गती आणि अडथळे सारखे धरून चालत नाहीत.

पूर्व विदर्भ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा पूर्व भाग आणि गडचिरोली इथे वरचे वेळापत्रक लागू पडत नाही. पीक धानाचे, रोवणीचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे वेचायची असतात, म्हणजे ऐन परीक्षेच्या सुमारास, त्यामागोमाग तेंदूपत्ता. बोली झाडी, तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ फारसे नाहीत. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे घरात गोंडी-माडिया आणि शाळेत मराठी, म्हणून तिथल्या मुलीला मराठी हीच शिकावी लागणारी भाषा. माडिया-गोंड गावांतील कुर्माघर, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायांना राहण्यासाठी गावाबाहेर ठेवलेली झोपडी, बाहेरच्या लेखकाला मोहात पाडते. तिचे हाल लिहिताना तिथे एकत्र बसलेल्या बायांचे बोलणेही ऐकायला हवे. मुलीला पुष्कळ गोष्टी तिथेच समजतात.

नाव आणि शेवट

नावाचा प्रसंग जमिनीचा. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हिस्सा आहे. बाप गेल्यावर वारस फेरफारात तिचे नाव चढते; ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असेल तर पालनकर्ती म्हणून मायच्या नावासह. तलाठ्याकडून आणलेल्या उताऱ्यावर स्वतःचे नाव वाचणे आणि लग्नाच्या बोलण्यांत ‘भावाला सोडून दे’ हे ऐकणे, या दोन प्रसंगांत काही वर्षे जातात. मधल्या काळात भाऊ वाईट दाखवण्याची गरज नसते. तो लाडका असला, आणि चार एकर कोरडवाहू वाटून कोणाचेच पोट भरत नाही हे दोघांना ठाऊक असले, तर हक्क सोडण्याची सही अधिक कठीण होते.

बहुतेक कादंबऱ्या दहावीच्या निकालावर थांबतात, कारण तो तयार शेवट असतो. पण अज्ञान मुलीच्या सहीने हक्कसोड होत नाही. हा प्रसंग शेवटाला ठेवायचा असेल, तर कथानक बारावीच्या पुढे, अठराव्या वाढदिवसापलीकडे न्यावे लागते आणि लग्नाची घाई तोवर लांबवणारे सबळ कारण आधीच्या प्रकरणांत पेरून ठेवावे लागते: नापिकीचे वर्ष, मोठ्या बहिणीचे आधीचे लग्न किंवा तालुक्याच्या वसतिगृहात मिळालेली जागा.