लोकसभेत प्रश्न मांडायचाय? सूचना नेमकी कुठे अडते ते पाहा

लोकसभेत मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त खासदारांना आहे. नागरिकांनी आणि संस्थांनी मजकूर व आधाराचे कागद खासदारांकडे द्यायचे. त्यासाठी आपल्याच मतदारसंघाचा खासदार हवा असे नाही. प्रश्नासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. २००५ मध्ये याच प्रकरणात दोन्ही सभागृहांतल्या मिळून ११ खासदारांना सदस्यत्व गमवावे लागले होते.

खासदारांची प्रश्नासाठीची लेखी सूचना (नोटीस) लोकसभेच्या महासचिवांच्या नावे जाते. तीत मजकूर, मंत्र्यांचे पदनाम आणि उत्तराची तारीख लागते. तोंडी उत्तर हवे असेल तर तारा (*) हवाच. तो राहिला की प्रश्न अतारांकित ठरतो, उत्तर लेखी येते आणि त्या उत्तरावर सभागृहात लगेच पूरक प्रश्न विचारण्याची संधी जाते.

सर्वाधिक घोळ मुदतीचा. नियम १५ 'पूर्ण' दिवसांचा आहे, म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस दोन्ही वगळायचे. उत्तर २० तारखेला हवे असेल तर सूचना ४ तारखेपर्यंत पोहोचली पाहिजे, ५ ला नव्हे. शिवाय प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला असतो, तो आधी लोकसभेच्या प्रश्नोत्तरांच्या तक्त्यात पाहा.

दुसरी अडचण चुकीच्या मंत्रालयाची. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन सामाजिक न्याय खात्याकडे असेल असे सगळेच धरून चालतात. ती ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे. अंगणवाडी महिला व बालविकासकडे, शाळेतला पोषण आहार शिक्षणाकडे, कामगार विमा रुग्णालये श्रम मंत्रालयाकडे. नागरिकाला हे माहीत असेलच असे नाही, पण चूक झाली तर वेळ त्याचाच जातो.

मजकूर १५० शब्दांच्या आत ठेवा. आरोप, उपरोध, विशेषणे, मंत्र्यांचे मत मागणे, न्यायप्रविष्ट बाब आणि सहज उपलब्ध दस्तऐवजात असलेली माहिती, यांपैकी काहीही आले तर प्रश्न अडतो. 'गरीब म्हाताऱ्यांची क्रूर चेष्टा का चालवली आहे?' हा संताप खरा आहे, पण नियमात बसत नाही. त्याऐवजी असे लिहा: '६० ते ७९ वर्षे वयोगटासाठी केंद्राचा दरमहा २०० रुपयांचा वाटा वाढवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे काय? असल्यास तपशील, नसल्यास कारणे?' प्रश्नात एखादे विधान केले तर त्याच्या खरेपणाची जबाबदारी खासदारांवर येते. म्हणून नुसते बातमीचे कात्रण देऊ नका. शासन निर्णय, आदेश किंवा माहिती अधिकारात मिळालेले उत्तर जोडा.

गावातले आरोग्य केंद्र बंद आहे, अशी तक्रार पाठवली तर 'आरोग्य हा राज्यांचा विषय' एवढेच उत्तर येते. तीच गोष्ट राष्ट्रीय आरोग्य अभियानातून त्या राज्याला मिळालेल्या आणि खर्च झालेल्या निधीबद्दल विचारा, म्हणजे केंद्राला उत्तर टाळता येत नाही.

तारांकित यादीत दिवसाला फक्त २० प्रश्न येतात आणि क्रम सोडतीने ठरतो. अतारांकित २३०. त्यामुळे नुसती आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच द्यावा. तारांकित यादीत शेवटी पडलेला प्रश्न बहुतेक वेळा पुकारलाच जात नाही. त्याचे उत्तर लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर (म्हणजे अधिकृत नोंदीत) ठेवले जाते.

'माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल' असे उत्तर आले की लोक फाइल बंद करतात. तसे करू नका. हे सरकारचे आश्वासन मानले जाते आणि ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते. नाही केले तर लोकसभेची शासकीय आश्वासन समिती विचारणा करते. उत्तराची तारीख आणि प्रश्न क्रमांक जपून ठेवा. खासदारांना पाठपुरावा त्याच आधारे करावा लागतो.