टमी टकचे प्रकार आले कुठून?

मिनी, फुल, फ्लर-द-ली, सर्कमफरेन्शियल. टमी टकची, म्हणजे पोटावरची सैल त्वचा आणि चरबी काढून पोट घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेची, माहिती काढायला बसले की ही नावे एकापाठोपाठ समोर येतात आणि तयार कपड्यांच्या मापांसारखी वाचली जातात. पोट थोडे सुटले असेल तर मिनी, जास्त सुटले असेल तर फुल. असा हिशेब करणारा माणूस हमखास फसतो. यातला प्रत्येक प्रकार वेगळ्या तक्रारीवर निघालेला आहे, आणि काही तर आधीच्या शस्त्रक्रियेने करून ठेवलेला घोळ निस्तरण्यासाठी निघाले.

सुरुवात सौंदर्याच्या हौसेतून झालीच नव्हती. फ्रान्समध्ये १८९० मध्ये देमार आणि मार्क्स यांनी पोटावरची त्वचा आणि चरबी मर्यादित प्रमाणात कापून काढल्याची नोंद आहे. गाजली ती मात्र १८९९ मधली हॉवर्ड केली यांची शस्त्रक्रिया. केली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले स्त्रीरोगतज्ज्ञ. अतिशय लठ्ठ अशा एका रुग्णाच्या पोटावरून त्यांनी सुमारे ९० सेंटिमीटर लांब आणि ३१ सेंटिमीटर रुंद असा आडवा पट्टा काढला. त्याचे वजन ७ किलोच्या आसपास भरले. बेंबीही त्या पट्ट्याबरोबर गेली. ओझे कमी करणे हाच उद्देश असल्यामुळे बेंबीची फिकीर करण्याचे कारण नव्हते. पुढे १९०५ मध्ये फ्रान्समध्येच गोदे आणि मोरेस्तँ यांनी बेंबीचा मोठा हर्निया दुरुस्त करताना जादा चरबी काढली आणि बेंबी मात्र राखली.

केलींच्या शस्त्रक्रियेचा थेट वारस आजही आहे. त्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. मांडीपर्यंत लोंबणारी घडी, तिच्याखाली सतत चिघळणारी त्वचा, पुरळ, चालताना होणारा अडथळा, अशा वेळी ती घडी तेवढी कापून काढतात. स्नायू घट्ट करत नाहीत, कमरेला आकार देत नाहीत. तिला टमी टकचाच एक प्रकार समजून सपाट पोटाची आशा धरली जाते आणि मग निराशा पदरी पडते.

विसाव्या शतकाची पहिली पन्नास वर्षे छेद कोणत्या दिशेने घ्यावा, या वादात गेली. जर्मनीत वाइनहोल्ड यांनी १९०९ मध्ये तीन पाकळ्यांसारखा छेद सुचवला, अमेरिकेत बॅबकॉक यांनी १९१६ मध्ये उभा, आणि शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी १९२४ मध्ये बेंबीच्या खालून आडवा छेद घेऊन बेंबी वाचवली. यातले बरेच काही आज इतिहासजमा आहे. उभा छेद मात्र पुढे वेगळ्याच कारणासाठी परत आला.

खरा पेच बेंबीचाच होता. ओटीपोटाची सगळी सैल त्वचा काढायची तर बेंबीच्या वरची त्वचा खाली ओढून आणावी लागते, आणि मग बेंबीही खाली सरकणार. व्हर्नन यांनी १९५७ मध्ये यावर जी रीत मांडली ती आजच्या फुल टमी टकचा गाभा आहे. बेंबीभोवती गोल छेद घेऊन ती तिच्या देठासकट पोटाच्या भिंतीला चिकटलेली ठेवायची, भोवतालची त्वचा बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढायची आणि त्या त्वचेत योग्य उंचीवर नवे छिद्र करून बेंबी बाहेर काढायची. बेंबी ‘हलवली’ असे आपण म्हणतो खरे, पण ती असते तिथेच राहते, हलते ती त्वचा.

यानंतर ब्राझीलचे ईव्हो पितांगी आले आणि केलींचे ओझे-उतरवणे मागे पडून टमी टक ही सौंदर्यशस्त्रक्रिया झाली. १९६७ मध्ये त्यांनी सलग ३०० शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. छेद इतका खाली की अंतर्वस्त्रात झाकला जावा, आणि त्वचेबरोबर स्नायूंचीही दुरुस्ती. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. पोटाच्या मधोमध उभे उतरणारे दोन लांब स्नायू गरोदरपणात एकमेकांपासून दूर सरकतात आणि पुष्कळदा पूर्ण जवळ येत नाहीत. मधली फट साधारण २ सेंटिमीटरपेक्षा जास्त राहिली तर तिला डायस्टॅसिस म्हणतात. बारीक अंगाच्या बाईचेही पोट संध्याकाळपर्यंत पुढे येते ते बहुधा यामुळे. तिथे चरबी काढून काही साधत नाही. स्नायूंवरचे आवरण टाक्यांनी ओढून ती फट मिटवावी लागते.

फ्रेडरिक ग्रेझर यांनी १९७३ मध्ये बिकिनीच्या रेषेत बसणारा छेद रूढ केला आणि तिथून छेदाची जागा पोहण्याच्या कपड्यांवरून ठरू लागली. कमरेपर्यंत वर चढणारे काप असलेले पोहण्याचे कपडे आले तेव्हा छेदाची दोन्ही टोके वर गेली. कंबरेखाली घसरणाऱ्या जीन्स आल्या तेव्हा ती परत खाली आली. फॅशन दहा वर्षांत पालटते आणि व्रण जन्मभर राहतो, एवढे तरी छेद आखून घेताना डोक्यात असावे.

सत्तरच्या दशकात धोक्यांचा हिशेब करण्याची वेळ आली. ग्रेझर आणि गोल्डविन यांनी १९७७ मध्ये शल्यविशारदांकडून १०,४९० टमी टकची माहिती गोळा केली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण सुमारे १.१ टक्के आणि ती फुप्फुसात जाण्याचे सुमारे ०.८ टक्के निघाले. शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी उठवून चालायला लावणे, पायाला दाब देणारी यंत्रे, धोका जास्त असलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी औषधे, हे सगळे आज नेहमीचे आहे ते अशा आकड्यांमुळे.

दुसरा धडा रक्तपुरवठ्याचा. विल्यम ह्यूजर यांनी १९७९ मध्ये पोटाच्या त्वचेला रक्त कुठून येते याचे तीन भाग पाडून दाखवले: मधला भाग स्नायूंमधून वर येणाऱ्या वाहिन्यांवर, खालचा जांघेकडून येणाऱ्यांवर आणि कुशीचा बरगड्या व पाठीकडून येणाऱ्यांवर. फुल टमी टकमध्ये पहिले दोन पुरवठे बहुतांशी तुटतात आणि ओढून आणलेली त्वचा कुशीकडच्या तिसऱ्या पुरवठ्यावर जगते. छेदाच्या मधोमध, बेंबी आणि जांघ यांच्यामधला तुकडा त्या पुरवठ्यापासून सर्वांत लांब. त्वचा काळी पडून मरण्याचे प्रकार बहुतेक तिथेच होतात. धूम्रपान करणाऱ्याला कित्येक आठवडे आधी ते सोडल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असे सांगतात त्याचे कारण हेच, कारण निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात. पित्ताशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा, उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण असेल तर त्या बाजूचा पुरवठा आधीच तुटलेला असू शकतो. सिझेरियनचा व्रण मात्र काढायच्या भागातच येतो आणि सहसा निघून जातो. पहिल्या भेटीत जुन्या शस्त्रक्रियांची बारीक चौकशी झाली नाही तर ती आपणहून सांगावी.

हे सगळे चालू असतानाच लायपोसक्शन आले. रोममध्ये जॉर्जियो फिशर यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आणि पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ पासून बोथट नळीने चरबी ओढून घेण्याची पद्धत विकसित केली. १९८० च्या दशकात जेफ्री क्लाइन यांनी भुलीचे औषध आणि रक्तस्राव रोखणारे औषध घातलेले भरपूर द्रावण आधी टोचण्याची रीत आणली आणि रक्तस्राव पुष्कळ घटला. इथून पोटाची तक्रार तीन वेगळ्या गोष्टींत फोडता येऊ लागली: चरबी, सैल त्वचा आणि फाकलेले स्नायू. ब्राझीलमध्ये बोझोला आणि सिलाकिस यांनी १९८८ मध्ये, आणि त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या ॲलन मातारासो यांनी यावर वर्गवारी बसवली. मातारासो यांची चार पायऱ्यांची आहे. त्वचा घट्ट आणि फक्त चरबी जास्त असेल तर नुसते लायपोसक्शन. बेंबीखाली थोडी त्वचा सैल असेल तर मिनी. त्याहून थोडे जास्त असेल तर मधला प्रकार. सगळेच बिघडले असेल तर फुल.

मिनीबद्दल थोडे सविस्तर, कारण मागणी तिलाच जास्त आणि गैरसमजही तिच्याचबद्दल. १९८० च्या दशकात ती मर्यादित छेदाची शस्त्रक्रिया म्हणून पुढे आली: सिझेरियनपेक्षा थोडा लांब व्रण, बेंबी न सोडवता, आणि सुधारणा मुख्यतः बेंबीच्या खाली. ज्यांची तक्रार खरोखर तेवढीच आहे त्यांच्यासाठी ती उत्तम. पण स्नायूंमधली फट बेंबीच्या वरपर्यंत गेली असेल तर तिथे हात पुरत नाही. मग बेंबीचा देठ आतून कापून, वरची फट शिवून, बेंबी एक-दोन सेंटिमीटर खाली बसवतात. बेंबी मुळातच खाली असेल तर हा उपाय दिसायला विचित्र होतो. बेंबीवरची त्वचा सैल असताना लहान व्रणाच्या मोहाने मिनी करून घेतली तर खालचे पोट सपाट आणि वर घडी, असे दृश्य उरते, आणि पुढे तेच निस्तरायला फुल करावी लागते. व्रण किती लांब, यापेक्षा चिमटीत त्वचा कुठे येते, हे पाहून ठरवणे शहाणपणाचे.

टेड लॉकवूड यांनी १९९५ मध्ये सगळा ताण मधोमध घेण्याऐवजी दोन्ही बाजूंना घेण्याची रीत मांडली. त्वचा सोडवायची तीही कमी. ओस्वाल्दो सालदान्या यांनी २००१ मध्ये लायपोॲबडॉमिनोप्लास्टी मांडली. आधी लायपोसक्शनने सगळा थर सैल करायचा आणि मग मधोमध फक्त एक अरुंद बोगदा सोडवायचा, म्हणजे स्नायूंमधून येणाऱ्या बऱ्याच वाहिन्या शाबूत राहतात. एरवी एकाच वेळी भरपूर लायपोसक्शन आणि फुल टमी टक करणे म्हणजे उरलेल्या पुरवठ्यावर घाव घालणे. सालदान्यांनी ती अडचण टाळली आणि आज एकत्र शस्त्रक्रिया करणारे अनेक जण याच मार्गाने जातात. पोलॉक बाप-लेकांनी २००० मध्ये त्वचा आतून ठिकठिकाणी भिंतीला शिवत नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आत पाणी साचण्याची तक्रार कमी झाल्याने काही शल्यविशारद ते पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या ठेवतच नाहीत.

उभा छेद परत आला तो वजन घटवणाऱ्या (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रियांमुळे. पन्नास-साठ किलो उतरलेल्या माणसाची त्वचा वरून खालीच नव्हे, आडवीही सैल असते. फक्त खाली ओढून कंबर आत येत नाही. त्यासाठी फ्लर-द-ली: आडव्याबरोबर छातीखालून उतरणारा उभा व्रण. दोन छेद मिळतात तिथे जखम उशिरा भरण्याची शक्यता जास्त. पाठ आणि नितंबही ओघळले असतील तर सर्कमफरेन्शियल, म्हणजे कमरेभोवती पट्ट्यासारखा पूर्ण छेद. मेक्सिकोचे गोंझालेस-उल्योआ यांनी ही कल्पना १९६० मध्येच मांडली होती, पण तिला मोठ्या संख्येने रुग्ण मिळाले ते बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्यावर. फक्त वरचे पोट सैल असणाऱ्यांसाठी स्तनाखाली छेद घेऊन त्वचा वर ओढण्याचाही एक प्रकार आहे, पण तो क्वचितच करतात.

यातला कोणताही प्रकार घ्यायचा तरी वजन काही महिने स्थिर असावे आणि आणखी मूल हवे असेल तर थांबावे, कारण पुढच्या गरोदरपणात शिवलेले स्नायू पुन्हा फाकू शकतात. अलीकडे वजन उतरवणारी इंजेक्शने घेऊन येणाऱ्यांची यात भर पडली आहे. त्यातल्या सेमाग्लुटाइडला अमेरिकेत वजन कमी करण्यासाठी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. या औषधांनी जठर रिकामे व्हायला उशीर लागतो, त्यामुळे भूलतज्ज्ञाला शेवटचा डोस कधी घेतला हे आधीच कळायला हवे. नेहमीचा उपास पाळूनही पोटात अन्न राहिलेले असू शकते.