सेवा-व्यवस्थापन, कमांड लाइनवरील

सेवा-व्यवस्थापन, कमांड लाइनवरील : कोणीही लॉगिन केलेले नसतानाही संगणकावर मागच्या मागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमला सेवा म्हणतात, रोजच्या बोलण्यात ‘सर्व्हिस’ हाच शब्द रुळला आहे. डेटाबेस, वेब सर्व्हर, छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम, दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच ही परिचित उदाहरणे. अशा सेवा टर्मिनलवर कमांड देऊन सुरू वा बंद करणे, यंत्र चालू होताच त्या आपोआप उठतील अशी तजवीज करणे आणि त्या पडल्यास कारण शोधणे, एवढी या नोंदीची व्याप्ती आहे. भर लिनक्सवर आहे.

इतिहास : लिनक्स ज्या घडणीवर बेतले आहे त्या यूनिक्समध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा) उभा राहिल्यावर सुरू होणारी पहिली प्रोसेस (चालता प्रोग्रॅम) म्हणजे इनिट, तिचा क्रमांक नेहमी १ असतो. बेल लॅब्जच्या संशोधन-आवृत्त्यांत आणि बर्कलीच्या बीएसडी परंपरेत इनिट एकच आरसी स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) वरून खाली चालवीत असे. सेवांचे गट पाडून त्यांना ० ते ६ असे क्रमांक देणारी रनलेव्हल पद्धत नंतरची. तिला सर्रास ‘सिस्टिम फाइव्ह पद्धत’ म्हणतात आणि त्यामुळे तिचा उगम १९८३ च्या सिस्टिम फाइव्ह यूनिक्समध्ये धरला जातो. परंतु या मांडणीचे मूळ रूप त्याआधीच्या, साधारणतः १९८१–८२ मधील सिस्टिम थ्री या आवृत्तीत आढळते. पद्धतीचा प्रसार सिस्टिम फाइव्हने केला आणि नावही तिचेच राहिले. उगम मात्र सिस्टिम थ्रीकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. क्रमांकांचे अर्थही सर्वत्र एक नव्हते. ० म्हणजे यंत्र बंद, १ म्हणजे एकाच वापरकर्त्याची दुरुस्ती-अवस्था आणि ६ म्हणजे पुन्हा चालू, याबाबत लिनक्समध्ये एकमत होते. पण लिनक्सच्या वितरणांपैकी (तयार संचांपैकी) रेड हॅटमध्ये ३ म्हणजे मजकुरी व ५ म्हणजे चित्रमय अवस्था, तर डेबियनमध्ये २ ते ५ मुळात सारखेच.

या पद्धतीत स्क्रिप्टच्या नावाआधी एस किंवा के हे अक्षर आणि दोन अंकी क्रमांक असे. एस-वाल्या स्क्रिप्ट क्रमाने सुरू होत, के-वाल्या बंद होत. एक अडली की मागच्या सगळ्या खोळंबत. दुसरी उणीव जास्त गंभीर होती. सेवेचा प्रोसेस-क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवला जाई; सेवा अवचित मेली तरी फाइल मागे राही, आणि त्या क्रमांकावर तोवर भलतीच प्रोसेस आलेली असू शके.

२००५ मध्ये सोलॅरिस १० मधील एसएमएफ व अ‍ॅपलच्या मॅक ओएस एक्स १०.४ मधील लाँचडी, तर २००६ मध्ये उबुंटूतील अपस्टार्ट, असे पर्याय पुढे आले. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये मांडलेल्या सिस्टिमडी या नव्या इनिटने प्रोसेस-क्रमांकाचा प्रश्न कर्नलमधील सीग्रुप या प्रोसेसचे गट बांधणाऱ्या सोयीच्या आधारे सोडवला. ही सोय जानेवारी २००८ मधील २.६.२४ या कर्नलमध्ये आली होती. सेवेने कितीही उपप्रोसेस काढल्या तरी त्या तिच्याच गटात राहतात. फेडोरा १५ (२०११) व रेड हॅट ७ (२०१४) यांनी सिस्टिमडी स्वीकारली. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आली. सगळा कारभार एकाच प्रकल्पाच्या हाती जातो हा विरोधकांचा आक्षेप पोकळ नव्हता. जेंटू वितरणातील ओपनआरसी आणि व्हॉइड वितरणातील रनिट या वेगळ्या पद्धती आजही तो जिवंत ठेवतात. तथापि सेवा नेमकी कोणत्या अवस्थेत आहे हे खात्रीने सांगण्याच्या कसोटीवर सिस्टिमडीची बाजू उजवी ठरते.

वापर : सिस्टिमडीची मुख्य कमांड सिस्टिमसीटीएल. स्टार्ट, स्टॉप, रिस्टार्ट व स्टेटस ही तिची नित्याची क्रियापदे. स्टार्टने सेवा आत्ता सुरू होते, पण यंत्र पुन्हा चालू झाल्यावर तिचे काय होणार याच्याशी स्टार्टचा काही संबंध नाही. ते इनेबल ठरवते. उलट इनेबलने सेवा त्या क्षणी सुरू होत नाही. दोन्ही एकदम हवे असेल तर इनेबलला ‘नाऊ’ हा पर्याय जोडतात. मास्क केलेली, म्हणजे पूर्ण रोखून ठेवलेली, सेवा मात्र कोणालाच सुरू करता येत नाही.

सेवेचे वर्णन युनिट फाइलीत असते. त्यातल्या ‘आफ्टर’ने फक्त क्रम ठरतो, दुसरी सेवा ओढून आणली जात नाही, ‘रिक्वायर्स’ने ती ओढली जाते, पण क्रम ठरत नाही. दोन्ही ओळी लागतात, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. वितरणाने दिलेली मूळ फाइल थेट बदलू नये, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसले जातात. सिस्टिमसीटीएल एडिटने वेगळी पूरक फाइल तयार करावी.

खानदेशातील संदर्भ : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत संगणकशिक्षणाचा विस्तार १९९० मध्ये जळगावला स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या (आजचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) संलग्न महाविद्यालयांतून झाला. येथे हा विषय कळीचा ठरतो तो अचानक वीज गेल्यावर. ‘सर्व्हिस पडनी’ हे अहिराणी वाक्य बहुधा वीज परत आल्यानंतरच ऐकू येते.

जिनिंगमधल्या भुईकाट्याचे उदाहरण घेऊ. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. काट्याचा प्रोग्रॅम वजन पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये नोंदवून पावती काढतो. वीज जाते, यूपीएस दम सोडतो, वीज येते. यंत्र स्वतःहून चालू होण्यासाठी आधी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय निवडलेली हवी. मग डेटाबेस अर्धवट राहिलेल्या नोंदी लॉगवरून सावरू लागतो आणि त्याला वेळ लागतो. नोटिफाय प्रकारच्या सेवेने ९० सेकंदांच्या मूळ मुदतीत ‘तयार आहे’ असे कळवले नाही तर सिस्टिमडी तिला मारून टाकते; म्हणूनच पोस्टग्रेएसक्यूएलच्या अधिकृत दस्तऐवजातील नमुना-फाइलीत ही मुदत अमर्याद ठेवली आहे. मुदत तशीच राहिली, तर ‘रिक्वायर्स’ने बांधलेली काट्याची सेवा ‘डिपेंडन्सी’ कारणाने रद्द होते. ती चाललीच नसल्यामुळे पडलेली सेवा पुन्हा उठवणारी युनिट फाइलीतील ‘रिस्टार्ट’ची ओळही तिला उठवत नाही. ‘वॉन्ट्स’ या सैल बंधनाने बांधली असेल तर ती सुरू होते, डेटाबेस न मिळाल्याने लगेच पडते, दर वेळी १०० मिलिसेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते आणि १० सेकंदांत ५ प्रयत्नांची मर्यादा संपली की ‘फेल्ड’ होऊन बसते. पुढे डेटाबेस उभा राहिला तरी काटा बंद तो बंदच, आणि शेतकरी ताटकळतो.

अशा ठिकाणी डेटाबेसची मुदत काढून टाकावी, काट्यासाठी ‘वॉन्ट्स’ व ‘आफ्टर’ वापरावे, ‘रिस्टार्ट’ला ‘ऑन-फेल्युअर’ (बिघाडाने पडल्यास) द्यावे आणि ‘रिस्टार्टसेक’ (पुन्हा प्रयत्नाआधीचे सेकंद) १५ ठेवावे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. १५ सेकंदांच्या अंतराने ५ प्रयत्नांची मर्यादा कधीच गाठली जात नाही आणि डेटाबेस येताच काटा आपोआप सुरू होतो.

कारण शोधण्यासाठी जर्नलसीटीएल ही लॉग दाखवणारी कमांड वापरतात. ‘बी’ पर्यायाला उणे १ दिले की आधीच्या बूटचा, म्हणजे यंत्र मागच्या खेपेस चालू होते तेव्हाचा, लॉग दिसतो. बऱ्याच वितरणांच्या मूळ सेटिंगमध्ये व्हार-लॉगखाली (/var/log) ‘जर्नल’ ही निर्देशिका नसेल, तर लॉग स्मृतीतच राहतो आणि विजेबरोबर जातो. ती निर्देशिका पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

विंडोज : १९९३ च्या एनटी आवृत्तीपासून सेवांचा नियंत्रक आहे. ‘नेट स्टार्ट’, ‘एससी’ व पॉवरशेलमधील ‘गेट-सर्व्हिस’ या कमांड वापरतात. एससी कॉन्फिगमध्ये ‘स्टार्ट’नंतरच्या बरोबर-चिन्हापुढे एक मोकळी जागा सोडावी लागते.