घरच्या गरम टबाचे गणित

एक लिटर पाण्याची वाफ होऊन हवेत गेली, तर जाताना ती मागे राहिलेल्या हजार लिटर पाण्याचे तापमान अर्ध्या अंशाहून अधिक उतरवते. कमी खर्चात घरी गरम पाण्याचा टब बनवायचा असेल, तर पंप आणि हीटर यांच्या मागे लागण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे. कारण पाणी तापवायला दांडगे साधन आणायचे आणि तापलेले पाणी उघडे ठेवायचे, या चुकीपायीच स्वस्तातला टब महागात पडतो.

हिशेबासाठी दीड मीटर व्यासाची आणि ६० सेंटिमीटर खोलीची गोल टाकी घेऊ, गुरांच्या पाण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची करतात तशी. तिच्यात सुमारे १००० लिटर पाणी मावते. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे हे सगळे पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला ८४ मेगाज्यूल, विजेच्या भाषेत २३ युनिट. तीन किलोवॉटचा हीटर त्यासाठी जवळजवळ आठ तास घेतो. लाकडावर तापवायचे तर वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साधारण १५ मेगाज्यूल उष्णता मिळते. त्यातली निम्मी धुराड्यावाटे गेली असे धरले, तर ११ किलो लाकूड जळते. या आकड्यात घासाघीस चालत नाही. टब पत्र्याचा असो की संगमरवराचा, तेवढ्या पाण्याला तेवढीच उष्णता लागणार. वाचवता येते ती फक्त नंतरची गळती.

बाजू आणि तळ यांना पाच सेंटिमीटर जाडीचे थर्माकोल लावले, तर बाहेर २० अंश असताना त्यातून जेमतेम ६०-७० वॉट निसटतात, एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढे. उघड्या पृष्ठभागाची गोष्ट निराळी आहे. वारा पडलेला असतानाही त्यावरून तासाला लिटर-दीड लिटर पाणी उडते, आणि ४० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ व्हायला २४०० किलोज्यूल लागत असल्याने एकट्या बाष्पीभवनातच पाऊण ते एक किलोवॉट खर्ची पडतो. झुळूक आली की हा आकडा दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. बुडबुडे सोडणारा हवेचा पंप बसवणे म्हणजे तर हे बाष्पीभवन आपल्या हाताने वाढवणे. मला तो या टबातला सर्वांत अनाठायी खर्च वाटतो.

झाकण कसे असावे, हेही पाण्याकडूनच कळते. टबावर नुसता पत्रा टाकून अर्ध्या तासाने त्याची कड उचलून पाहिली, तर खालच्या बाजूला टपोरे थेंब लटकलेले दिसतात आणि वरून हात लावला तर पत्रा गरम लागतो. वाफ थंड पत्र्याला लागून निवते, आपला सुप्त उष्मा, म्हणजे वाफ होताना घेतलेली उष्णता, त्याच्या हवाली करते, थेंब होऊन खाली पडते आणि पाण्यातली नवी उष्णता उचलून पुन्हा वर येते. पाणी वाचते, उष्णता जातच राहते. म्हणून प्लास्टिकच्या कापडात नीट गुंडाळलेली थर्माकोलची जाड, तरंगती चकती हे सर्वांत स्वस्त आणि चांगले झाकण होय, कारण तिच्याखाली वाफेला जागाच उरत नाही. घरात लहान मुले असतील तर त्यावर कुलूप लागणारे पक्के झाकण हवेच. तरंगत्या चकतीवर मूल पाय देऊ शकते.

लाकडावर पाणी तापवणार असाल, तर पंपाचीही गरज नाही. टबाशेजारी, त्याच्या तळाहून खालच्या पातळीवर चूल मांडायची, तिच्यात धातूच्या नळीचे वेटोळे ठेवायचे, त्याचे खालचे टोक टबाच्या तळाशी आणि वरचे टोक पाण्याच्या पातळीच्या थोडे खाली जोडायचे. ४० अंशांच्या पाण्याचे वजन घनमीटरला ९९२ किलो असते, ६० अंशांच्या पाण्याचे ९८३. या नऊ किलोंच्या फरकावर हलके पाणी वर चढते आणि जड पाणी त्याची जागा घेते. हा जोर मात्र अर्ध्या मीटर उंचीमागे अवघ्या साडेचार मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा असतो. इतक्या दुबळ्या जोराला बारीक नळी किंवा हवा धरून बसणारी उंच-सखल वळणे झेपत नाहीत, म्हणून नळी ऐसपैस आणि टबापर्यंत सतत चढती असावी. सारे जमले असेल, तर वरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरल्यावर गरम पाण्याचा संथ झोत तळव्याला जाणवतो. हे पाणी वरच थर धरून राहते, खांद्याशी चटका आणि पायाशी गारठा अशी गत होते. तेव्हा ढवळल्याशिवाय थर्मामीटरवर विश्वास ठेवू नये.

पाण्याची पातळी वरच्या तोंडाखाली गेली की अभिसरण थांबते, वेटोळ्यातले पाणी उकळते आणि वाफ पाण्याच्या सोळाशेपट जागा मागते. त्यामुळे टब भरल्याशिवाय जाळ करू नये, चूल निवल्याशिवाय तो रिकामा करू नये आणि या नळ्यांवर तोटी बसवू नये. तांब्याचे वेटोळे आणि जस्ताचा मुलामा दिलेली टाकी ही जोडीही टाळलेली बरी: पाण्यात अल्पसा विरघळणारा तांब्याचा अंश जस्तावर बसतो आणि तेथे इवल्या विद्युतघटासारखी क्रिया सुरू होऊन पत्रा गंजत जातो. विजेचा हीटर असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवा, आणि सुटा बुडवायचा हीटर माणूस पाण्यात असताना टबाच्या आसपासही नको.

टाकी समतल जमिनीवरच ठेवावी. ६० सेंटिमीटर पाणी दर चौरस मीटरवर ६०० किलो भार टाकते, तर घरातील मजल्यांची रचना अनेकदा २०० किलोंच्या आसपासच्या भारासाठी केलेली असते.

स्वस्ताईचा खरा पेच पाण्याच्या स्वच्छतेत आहे. आपल्याला सुखावणारे तापमान जंतूंनाही मानवते. लेजिओनेला हा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या दरम्यान वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसांत शिरतो. पाणी साठवायचे तर लिटरला किमान ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि ७ ते ७.८ सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप) राखावा लागतो. सामू ७.५ असताना निम्मे क्लोरीन जंतुनाशक हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असते. सामू ८ झाला की ते चौथाईच्या आसपास उरते. फिल्टर आणि ही रोजची तपासणी नको असेल, तर प्रत्येक वेळी पाणी सोडून टाकी घासावी लागते आणि ते २३ युनिट पाण्याबरोबर वाहून जातात. क्वचित वापर असणाऱ्याला मी हा पाणी सोडून देण्याचा मार्गच सुचवेन.

पाण्याचे तापमान ४० अंशांपुढे नेऊ नये. एरवी घाम वाळताना शरीर थंड होते. पाण्याखाली तो वाळू शकत नाही, म्हणून शरीराचे आतले तापमान चढत जाते. गर्भवतींनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टबात उतरूच नये. इतरांनाही उठताना घेरी येऊ शकते, कारण रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात आणि पायांवरचा पाण्याचा दाब एकाएकी नाहीसा होतो. म्हणून पंधरा मिनिटांनी आधी काठावर बसावे, थोडे थांबून मग उभे राहावे, आणि पाय जमिनीला लागले की सर्वांत आधी झाकण सरकवावे.