पार्श्वभूमी: अमेरिकेतल्या ग्रेड वन शर्यतींचा कस का उतरला

सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मारला पॅसिफिक क्लासिक झाली, तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ होती. सव्वा मैलाची ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाची घोड्यांची शर्यत आणि गेटमध्ये सहाच घोडे. फ्लाइटलाइन १९ लांबींहून (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) जास्त अंतराने जिंकला. त्याच वर्षी दुबई वर्ल्ड कप जिंकलेला कंट्री ग्रॅमर दुसरा आला, पण शेवटच्या फर्लांगात पहिला घोडा पडद्यावर दिसत होता तेव्हा तो दिसतच नव्हता. हातातला चहा गार झाला. इतका देखणा घोडा मी क्वचितच पाहिलाय. दोन महिन्यांनी फ्लाइटलाइनने ब्रीडर्स कप क्लासिक ही वर्षअखेरची मोठी शर्यत जिंकली आणि लगेच त्याला पैदाशीसाठी निवृत्त केलं. साऱ्या आयुष्यात तो सहा वेळा पळाला.

अमेरिकेत ग्रेड वनचा दर्जा घसरतोय ही तक्रार दर वर्षी नवी ग्रेड-यादी लागली की वर येते. ती समजून घ्यायची तर ‘ग्रेड’ हा शब्द कुणाच्या सोयीसाठी जन्माला आला, तिथून सुरुवात करावी लागते.

युरोपने १९७१ मध्ये मोठ्या शर्यतींची ‘ग्रुप’ वन, टू, थ्री अशी उतरंड लावली. अमेरिकेत तेव्हा स्टेक्स नावाच्या शेकडो शर्यती होत्या. काही अस्सल चुरशीच्या, तर काही त्या त्या राज्यात जन्मलेल्या घोड्यांपुरत्याच. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये सगळ्या एकाच तोलाच्या दिसत. समुद्रापलीकडून आलेल्या खरेदीदाराला कुठली शर्यत खरी आणि कुठली गावजत्रेची, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून १९७३ मध्ये घोडेमालक आणि पैदासकारांच्या संघटनेने समिती नेमली आणि १९७४ च्या हंगामापासून अमेरिकी ‘ग्रेड’ आले. म्हणजे ही मुळात लिलावातल्या गिऱ्हाइकासाठी केलेली वर्गवारी आहे. ती करणाऱ्यांत माल विकणारेच जास्त आहेत, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवावं.

कॅटलॉगचं एखादं पान हातात घेतलं की हे नीट उमगतं. वर बापाची वंशावळ असते. खाली आई, आजी, पणजी आणि प्रत्येकीच्या पोरांची नावं. स्टेक्स जिंकलेल्या पोराचं नाव ठळक आणि सगळं मोठ्या लिपीत. दुसरा-तिसरा आला असेल तर ठळकच, पण साध्या लिपीत. बाकीचे फिकट. नावापुढच्या कंसात ग्रेड. या ठळक शाईवर शिंगराची किंमत लाखांनी वरखाली होते. आता सहा घोड्यांच्या ग्रेड वनचा हिशेब करा. सहापैकी तिघांची नावं ठळक होणार. चौदा घोड्यांच्या शर्यतीत चौथा आलेला कदाचित यांच्याहून सरस असेल, पण तो फिकटच राहतो. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर परदेशातून नर किंवा घोडी आणताना हेच पान वाचलं जातं, म्हणून अमेरिकेतल्या शिक्क्याची किंमत आपल्यालाही मोजावी लागते. उलट दिशेने तसं होत नाही. भारतातल्या ग्रेडेड शर्यती आंतरराष्ट्रीय कॅटलॉगच्या नियमांत दुसऱ्या भागात मोडतात, त्यामुळे महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीच्या ग्रेड वनला बाहेर तेवढं वजन नाही. आपल्याकडे डर्बी मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकाता, हैदराबाद, म्हैसूर इतक्या ठिकाणी होते आणि बहुतेक ठिकाणी ग्रेड वनच. शिक्का वाटण्याची सवय फक्त अमेरिकेची नाही.

उत्तर अमेरिकेत १९८६ साली ५१,२९६ थरोब्रेड शिंगरांची नोंद झाली. तो कळस होता. आज वर्षाला २०,००० सुद्धा होत नाहीत. १९६० मध्ये एक घोडा वर्षात सरासरी अकराहून जास्त वेळा पळत असे, आता साधारण सहा वेळा. म्हणजे घोडे निम्म्याहून कमी झाले आणि जे आहेत ते निम्म्यानेच पळतात. ग्रेड वन मात्र त्या प्रमाणात कमी झालेल्या नाहीत, अजूनही शंभराच्या आसपास आहेत. पूर्वी एका मोठ्या शर्यतीत जमणारे चांगले घोडे आज तीन शर्यतींत विखुरतात. भरीला मोठे तबेले मोजक्या ट्रेनरांच्या हाती गेले आणि एकाच ट्रेनरचे दोन उत्तम घोडे एकमेकांसमोर सहसा उतरवले जात नाहीत. एक न्यूयॉर्कला जातो, दुसरा कॅलिफोर्नियाला. दोघेही ग्रेड वन जिंकून येतात आणि दोघांचेही मालक खूश.

सगळ्यात जास्त मार बसला तो चार वर्षांच्या पुढच्या घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींना. केल्सोने १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षं जॉकी क्लब गोल्ड कप जिंकला, तोही दोन मैलांचा. १९७६ मध्ये ती शर्यत दीड मैलावर आली आणि १९९० मध्ये सव्वा मैलावर, म्हणजे ब्रीडर्स कप क्लासिकच्याच अंतरावर. फोरेगो १९७६ च्या मार्लबरो कपमध्ये १३७ पौंड, म्हणजे ६२ किलो वजन घेऊन जिंकला. केल्सो ६३ शर्यती पळाला, फोरेगो ५७, जॉन हेन्री ८३. तिघेही खच्ची केलेले होते. पैदाशीच्या बाजारात त्यांना किंमत नव्हती, म्हणून ते वर्षानुवर्षं पळत राहिले आणि लोकांना त्यांची नावं पाठ झाली. याउलट २०१८ चा ट्रिपल क्राउन (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन शर्यती एकाच वर्षी) विजेता जस्टिफाय १११ दिवसांत सहा शर्यती पळून थांबला. फ्लाइटलाइन निवृत्त होताच त्याचा फक्त अडीच टक्के हिस्सा लिलावात ४६ लाख डॉलरला गेला. एवढा पैसा समोर असताना कुठला मालक पाचव्या वर्षी ग्रेड वनच्या चुरशीत घोडा उतरवून पाय मोडण्याची जोखीम घेईल? मालकांना दोष देऊन काही होणार नाही. हिशेबच तसा बसवलेला आहे.

१९८४ मध्ये ब्रीडर्स कप सुरू झाला तेव्हा शरद ऋतूतल्या साऱ्या मोठ्या शर्यती त्याची तालीम होऊन बसल्या. १९९६ पासून दुबई वर्ल्ड कप आणि २०२० पासून दोन कोटी डॉलरचा सौदी कप आला, तेव्हा वर्षाची सुरुवातही हातची गेली. सांता अनिता हँडिकॅप १९३५ मध्ये एक लाख डॉलरच्या बक्षिसाने गाजला होता. सीबिस्किट तो दोनदा नाकभर अंतराने हरला आणि १९४० मध्ये जिंकला. आज मार्चमधल्या त्या शर्यतीच्या वेळी कॅलिफोर्नियातले सव्वा मैलाचे चांगले घोडे आखातात तरी असतात, नाहीतर तिथून परतून विश्रांती घेत असतात.

नियम कुणासाठी किती ताठ, हाही जुना प्रश्न आहे. नव्या शर्यतीला ग्रेड मिळण्याआधी काही वर्षं थांबून स्वतःला सिद्ध करावं लागतं. ब्रीडर्स कपच्या शर्यती मात्र १९८४ मध्ये पहिल्याच दिवशी ग्रेड वन होत्या. २०१७ मध्ये फ्लोरिडात पेगासस वर्ल्ड कप आला तो जुन्या डॉन हँडिकॅपची जागा घेऊन, ग्रेडसकट. आर्लिंग्टन मिलियनचं रेसकोर्स २०२१ मध्ये बंद पडलं. ती शर्यत आधी केंटकीला गेली आणि मग व्हर्जिनियाला. नाव तेच, मैदान वेगळं.

या पार्श्वभूमीवर ज्या निर्णयावर सर्वात जास्त बोललं गेलं तो २०१७ च्या यादीतला. न्यूयॉर्कची वूड मेमोरियल आणि केंटकीची ब्लू ग्रास, केंटकी डर्बीआधीच्या या दोन्ही शर्यती ग्रेड वनवरून ग्रेड टूवर आणल्या गेल्या. न्यूयॉर्ककरांना हे फार लागलं. १९७३ मध्ये सेक्रेटेरियट वूडमध्ये तिसरा आला आणि नंतर ट्रिपल क्राउन जिंकला. १९७७ मध्ये सिएटल स्लूने वूड जिंकून ट्रिपल क्राउन पुरा केला. अशा शर्यतीचा मान कमी करणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याला पंगतीत मागे बसवण्यासारखं होतं.

पण इतिहास तसा सरळ नाही. वूडला खाली आणण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९५ ते २००१ ती ग्रेड टूच होती. आणि वूड जिंकून डर्बीही जिंकणारा शेवटचा घोडा फ्युसाइची पेगासस, तो २०००चा, म्हणजे त्याच ग्रेड टूच्या काळातला. २००२ मध्ये तिला पुन्हा ग्रेड वन मिळाला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत वूडच्या एकाही विजेत्याने डर्बी जिंकली नाही. २००३ चा डर्बी विजेता फनी साइड वूडमध्ये दुसरा आला होता, तेवढीच काय ती शान. चांगले तीन वर्षांचे घोडे हिवाळाभर फ्लोरिडात राहू लागले होते. एप्रिलमध्ये त्यांना वूडच्या मैदानावर, थंडगार अक्विडक्टवर आणण्यापेक्षा ट्रेनर फ्लोरिडा डर्बी पसंत करत. माझ्या मते समितीचा तो निर्णय योग्य होता, फक्त उशिरा आला. ग्रेड नावाला द्यायचा नसतो, त्या वर्षांत तिथे जमलेल्या घोड्यांना द्यायचा असतो. आंतरराष्ट्रीय निकषही तेच सांगतो. पहिल्या चार घोड्यांच्या रेटिंगची (कामगिरीवरून दिलेल्या गुणांची) तीन वर्षांची सरासरी ११५ असली तर ती ग्रुप वन. दोन वर्षांच्या घोड्यांना आणि माद्यांना त्यात सवलत असते.

ब्लू ग्रासची गोष्ट वेगळी होती आणि तिथे मला अन्याय दिसतो. ती जिथे होते त्या कीनलँडने काही वर्षं मातीऐवजी कृत्रिम ट्रॅक वापरला. २००७ ते २०१४ ब्लू ग्रास त्यावर झाली आणि डर्बीच्या मातीवर पळवायचे घोडे ट्रेनर तिथे आणेनात. २०१४ च्या शरदात पुन्हा माती आली. ग्रेड ठरवताना मागच्या पाच वर्षांची कामगिरी पाहतात, त्यामुळे २०१७ च्या यादीच्या वेळी त्यातली तीन वर्षं कृत्रिम ट्रॅकची होती. शर्यत सुधारायला लागली तेव्हाच तिला खाली ढकललं.

गोंधळ वाढवला तो डर्बीच्या गुणांनी. २०१३ पासून डर्बीत प्रवेश ग्रेडेड शर्यतींतल्या कमाईवर न ठरता गुणांवर ठरतो. वूड ग्रेड टू झाली तरी विजेत्याला फ्लोरिडा डर्बीइतकेच १०० गुण मिळत राहिले. म्हणजे डर्बीचं दार वूडसाठी तितकंच उघडं, फक्त कॅटलॉगमधला आकडा बदलला. मग न्यूयॉर्कला उत्तम घोडा घेऊन जायचं कारण आणखी कमी झालं. २०२१ मध्ये बर्बॉनिक ७२ ला १ भावाने, म्हणजे जिंकेल असं फारसं कुणाला वाटत नसताना, वूड जिंकला, २०२३ मध्ये लॉर्ड माइल्स ५९ ला १ ने. टीकाकारांनी हे निकाल पुरावा म्हणून दाखवले. पण मधल्या २०२२ चा विजेता मो डोनेगल दोन महिन्यांनी बेलमाँट स्टेक्स जिंकला, याचा उल्लेख त्यांच्यातले फार थोडे करतात.

त्याच २०२२ च्या यादीत ब्लू ग्रासला ग्रेड वन परत मिळाला. त्या वर्षीचा तिचा विजेता झँडन केंटकी डर्बीत तिसरा आला. डर्बी जिंकला ८० ला १ भावाचा रिच स्ट्राइक, आणि तो आला होता एका ग्रेड थ्री शर्यतीतून, तीही कृत्रिम ट्रॅकवरची आणि त्यातही तिसरा येऊन.