वाचनात अडखळणाऱ्या पोरांची तपासणी आणि दाखला: आठ वर्षांची अट नक्की कशाला आहे

पोरगं दुसरीत, धडा घडाघडा म्हणून दाखवतं, पण मधल्याच ओळीतला एक शब्द बोट ठेवून विचारला की गप्प, नाहीतर चित्र बघून ठोकून देतं. वहीत काना-मात्रा गायब आणि खाली लाल पेननं 'सराव वाढवा'. शाळेत विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, 'आठ पूर्ण होऊ देत, मग बघू.'

इथंच सगळा घोळ आहे. आठ वर्षांची अट अध्ययन अक्षमतेच्या (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणं) दिव्यांग दाखल्याला आहे, चाळणीला, म्हणजे शाळेतल्या पहिल्या तपासणीला नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनेत शाळेनं तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांकडून चाळणी करायची असं आहे, म्हणजे ती शेवटची मुदत झाली, तोवर हातावर हात ठेवून बसा असं कुठंच लिहिलेलं नाही. उलट 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं ही शाळेचीच जबाबदारी सांगितलीय. त्यामुळं मुख्याध्यापकांना चाळणीसाठी साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही हो. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप आहे, त्यात यादी भरायची, पुढचं विशेष शिक्षक बघतात. शाळेत ते नसतील तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात चौकशी करा.

आता दाखला. अर्ज स्वावलंबन या केंद्राच्या दिव्यांग दाखल्याच्या पोर्टलवर करायचा; आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, हे कुठल्याही नेट कॅफेत होतं. फक्त आधारवरची आणि बोनाफाईडवरची जन्मतारीख एकच आहे का ते आधी बघा, कारण वय तिथूनच मोजणार.

अडतं ते हॉस्पिटलात तपासणीला न्यायच्या फाईलवर. शाळेचं पत्र बऱ्याच जणांकडं नसतंच, किंवा असतं ते 'अभ्यासात कमकुवत' एवढ्या एका ओळीचं, त्याचा काय उपयोग? वाचन, लेखन, गणित यात नेमकं काय अडतंय ते लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पाहिजे, सोबत वह्यांच्या दोन-चार पानांच्या झेरॉक्स जोडा. दुसरं म्हणजे डोळे आणि कान तपासल्याचे रिपोर्ट. नजर किंवा ऐकण्यातच दोष असेल तर तो आधी बाजूला काढावा लागतो, मगच बुद्ध्यांकाची आणि बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या वाचन-लेखनाच्या चाचण्या. चंदगड-आजऱ्याकडनं पहाटेची एसटी पकडून पोराला घेऊन यायचं आणि कानाच्या रिपोर्टसाठी माघारी जायचं, हे बघवत नाही. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, निघायच्या आधी तपासणी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारा. मानसशास्त्रज्ञांना घरची भाषा आणि शाळेचं माध्यम त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, सेमीच्या पोरांचं तर नक्कीच.

खाजगी क्लिनिकचा रिपोर्ट म्हणजे दाखला नव्हे. पैसे भरलेत म्हणून तो चालेल असं नाही, फाईलला लावा एवढंच.

आणि आठव्या वर्षी मिळालेला दाखला कायमचा नसतो, 14 व्या आणि 18 व्या वर्षी परत तपासणी असते, अठराव्याचा मात्र आयुष्यभर चालतो. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक पाहिजे असेल तर शाळेकडनं कोल्हापूर विभागीय मंडळाकडं प्रस्ताव जातो, आणि तेव्हा लोक लॅमिनेशन केलेला जुना दाखला घेऊन येतात, तेही परीक्षा तोंडावर आल्यावर. नववीतच नवीन करून घ्या.