रीड कॉल आणि ट्रान्झॅक्शन: कोडमध्ये सारखे दिसतात, वागतात वेगळे

एबीआय (कॉन्ट्रॅक्टमध्ये कोणती फंक्शन्स आहेत हे सांगणारी जेसन फाइल) हाती असला की स्मार्ट कॉन्ट्रॅक्टसाठी, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, फ्रंटएंडचा कोड जनरेट करणं अवघड नाही. वॅग्मी या लायब्ररीच्या सीएलआयला (कमांड लाइन साधनाला) किंवा टाइपचेन या कोड जनरेटरला ती जेसन दिली की प्रत्येक फंक्शनसाठी टाइप्ससकट तयार हुक किंवा मेथड मिळते. घोळ त्यानंतर होतो. शिल्लक विचारणारं ‘बॅलन्सऑफ’ आणि टोकन पाठवणारं ‘ट्रान्सफर’ कोडमध्ये शेजारी बसतात. इथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तर दोन्हींच्या आधी तोच ‘अवेट’ असतो.

जनरेटर हे दोन वेगळे करतो ते एबीआयमधल्या ‘स्टेटम्युटॅबिलिटी’ या एका नोंदीवरून. तिथे ‘व्ह्यू’ किंवा ‘प्युअर’ असेल तर रीड कॉल, ‘नॉनपेएबल’ किंवा ‘पेएबल’ असेल तर ट्रान्झॅक्शन. म्हणून एबीआय हाताने लिहू नये, कंपायलरने दिलेलाच वापरावा.

रीड कॉल नेटवर्कमधल्या एकाच नोडवर (संगणकावर) चालतो आणि लगेच उत्तर देतो. सही नाही, गॅसचा (नेटवर्कच्या शुल्काचा) खर्च नाही, वॉलेट जोडलेलं नसलं तरी अडत नाही. एक खाच मात्र आहे: पाठवणाऱ्याचा पत्ता दिला नाही, तर कॉन्ट्रॅक्टला ‘एमएसजी डॉट सेंडर’ म्हणून सहसा शून्य पत्ता दिसतो. ‘माझी मागणी किती बाकी आहे’ अशा फंक्शनचं उत्तर मग बिनतक्रार शून्य येतं. एरर नसल्यामुळे हा बग लवकर सापडत नाही. अशा कॉलमध्ये अकाउंट स्पष्टपणे द्यावं.

ट्रान्झॅक्शनचं प्रकरण लांबतं. वॉलेटची सही, नॉन्स (त्या खात्याच्या ट्रान्झॅक्शनचा अनुक्रमांक), इथेरियमवर किमान २१,००० गॅस आणि मग ब्लॉकमध्ये जागा मिळण्याची वाट. तिथे दर १२ सेकंदांनी एक स्लॉट (ब्लॉकची पाळी) असतो. शिवाय फंक्शनने सॉलिडिटीत (कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत) काहीही रिटर्न केलं तरी ते फ्रंटएंडला मिळत नाही. हाती येतो फक्त हॅश, म्हणजे ट्रान्झॅक्शनची ओळख. मिंट केलेल्या (नव्याने तयार केलेल्या) एनएफटीचा क्रमांक हवा असेल तर ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये गेल्यावर मिळणाऱ्या रिसीटच्या लॉगमधला ‘ट्रान्सफर’ इव्हेंट डीकोड करावा लागतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच. वॅग्मीच्या राइट हुकवरचं ‘इझसक्सेस’ ट्रू झालं की हिरवा संदेश दाखवला जातो. एआयने लिहिलेल्या कोडमध्येही हे सर्रास आढळतं. पण त्या क्षणी ट्रान्झॅक्शन फक्त पाठवलं गेलेलं असतं. ते अजून रिव्हर्ट (अयशस्वी होऊन रद्द) होऊ शकतं, किंवा वापरकर्ता वॉलेटमधून ‘स्पीड अप’ करून त्याचा हॅशच बदलू शकतो. क्रम असा ठेवावा: आधी सिम्युलेट (न पाठवता चालवून पाहणं), मग सही, हॅश मिळाल्यावर ‘प्रक्रिया सुरू आहे’, आणि रिसीट आल्यावर तिचं स्टेटस पाहूनच ‘झालं’. व्हिएम (वॅग्मीच्या खालची लायब्ररी) रिव्हर्ट झालेल्या ट्रान्झॅक्शनचीही रिसीट एरर न फेकता देतो, म्हणून नुसती रिसीट आली एवढ्यावर भागत नाही. वापरकर्त्याने सही नाकारली तर ४००१ हा कोड येतो. त्याला लाल एरर दाखवायची गरज नाही, बटण पूर्ववत करावं.

दोघांमधला फरक चुकीच्या चेनवर अगदी उघडा पडतो. समजा कॉन्ट्रॅक्ट सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर आहे, वॉलेट मेननेटवर (खऱ्या इथेरियमवर) आहे, आणि मेननेटवर त्या पत्त्यावर कोडच नाही. रीड कॉलला रिकामा डेटा परत येतो, लायब्ररी ‘डीकोड करता येत नाही’ म्हणते, आणि माणूस एबीआय तपासत बसतो. निदान काहीतरी बिघडलंय हे तरी कळतं. ट्रान्झॅक्शन मात्र चक्क यशस्वी होतं! कोड नसलेल्या पत्त्यावर डेटा पाठवणं ईव्हीएमच्या (इथेरियमच्या आभासी मशीनच्या) लेखी चूक नाही. रिसीट ‘सक्सेस’ म्हणते, गॅस जातो, घडत काहीच नाही. सोबत ईथर पाठवलं असेल तर तेही त्या पत्त्यावर जाऊन पडतं. फंक्शन काही रिटर्न करत नसेल तर सिम्युलेशनसुद्धा बिनबोभाट पास होतं. उपाय साधा आहे: जनरेटरच्या कॉन्फिगमध्ये एकच पत्ता न ठेवता चेन आयडीप्रमाणे पत्ते द्यावेत आणि प्रत्येक राइटला चेन आयडी द्यावा. वॅग्मी मग वॉलेटची चेन तपासून, जुळली नाही तर पाठवण्याआधीच थांबतो.

आकडे दोन्हीकडे पूर्णांकच असतात. यूएसडीसी या टोकनला इथेरियमवर ६ दशांश आहेत, म्हणजे १.५ पाठवायचे तर १५,००,००० द्यावे लागतात. १८ दशांश गृहीत धरणारा कोड तिथे फसतो.

रिसीट आल्यावर जुने रीड आपोआप ताजे होत नाहीत. क्वेरी इनव्हॅलिडेट करावी लागते, म्हणजे साठवलेलं उत्तर शिळं ठरवून पुन्हा विचारावं लागतं. तरीही कधी जुनीच शिल्लक दिसते, कारण आरपीसीच्या (नोडशी बोलायच्या पत्त्याच्या) मागे अनेक नोड असतात आणि रीड एखाद्या मागे राहिलेल्या नोडकडे जातो. अशा वेळी रिसीटमधला ब्लॉक क्रमांक रीड कॉलला द्यावा. मागे राहिलेला नोड मग शिळा आकडा देण्याऐवजी सहसा एरर देतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारता येतं.